छापायचं नाव

रविवार कारंज्याच्या छापखान्यात
पत्रिका उद्या सकाळी दहाला जाणार.
दिग्दर्शक म्हणाला, "रात्रीतून ठरव बाबा.
कचरू पेखळे नावाचा माणूस
स्टेजवर येतो तो झाडायला."
सगळे हसले. मीही हसलो.
हसायची तालीम माझी लहानपणापासून पक्की.

सायकल काढून गंगेवर आलो.
बुधवारचा बाजार उठून गेलेला,
कोबीची पानं, चेंगरलेली वांगी,
आणि एक गाय, सावकाश निवड करणारी.
पुलाच्या दिव्याखाली बसून
संहितेच्या कोऱ्या पाठीवर लिहीत गेलो.

सुहास देशपांडे.
(कुठले देशपांडे, असं कुणी विचारलं
तर तेही पाठ करावं लागणार.)
रोहन राजे.
'राजे' लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं
की पलीकडचा माझाच संवाद फाटला.
आकाश नाशिककर.
गाव लावलं की पुढचं विचारत नाहीत म्हणे;
पण नाशकातच नाशिककर म्हणजे
गंगेत उभं राहून गंगेचं पाणी विकणं.

मग उभा राहिलो, घंटा झाल्यासारखा,
आणि एकेक नाव मोठ्यानं घोषित केलं:
प्रमुख भूमिकेत... प्रमुख भूमिकेत...
भेळवाला गाडी आवरता आवरता म्हणाला,
"कुणाला हाका मारतोस रे? कुणी नाही तिकडं."
खरंच होतं.
एकाही हाकेला मी मान वळवली नव्हती.

वडिलांना विचारून उपयोग नव्हता.
ते प्रेसमध्ये, रात्रपाळीला, कोऱ्या नोटा मोजत.
परवाच म्हणाले होते,
"नोटेवर सही दुसऱ्याचीच असते. चालते की!"
म्हणून जेल रोडला आत्याकडे गेलो.
नाव तिनं ठेवलेलं, जाब तिनं द्यावा.

आत्या लसूण सोलत होती.
"तुझ्या आधी दोघं," ती म्हणाली, वर न बघता.
"एक राजेंद्र, एक विलास. झोकदार नावं.
दोघंही सव्वा महिन्याच्या आत.
मग तुला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला.
मी वाटेनं आल्यासारखी आले.
म्हटलं, अगं बाई, हे काय पडलंय इथं?
उचलला, आणि तुझ्या आईच्या दारात जाऊन
विकायला काढला, सव्वा रुपयाला.
तर तिनं चक्क घासाघीस केली.
म्हणाली, कचरा तर आहे, बारा आणे देते.
ओली बाळंतीण! पण आवाज नाही हलला."

"म्हणजे नाटक केलंत तुम्ही?"

"मग? मरण उभं होतं ना कुंपणाशी.
त्याला पटायला नको?"

मी तिथंच फरशीवर बसलो.
सालं उडत होती पंख्याच्या वाऱ्यानं.
तेवीस वर्षं चाललाय हा प्रयोग
आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं
की मी भूमिकेत आहे;
की ज्याच्यासाठी उभा केला होता तो प्रेक्षक
फसून, जांभई देऊन,
पहिल्याच अंकात निघून गेलाय.

"आणि कानात?
पाठीत बुक्के घालून कुर्रर्र केलंस तेव्हा
कानात काय सांगितलंस? तेही कचरूच?"

आत्याचा हात थांबला.
"छे. कानात खरं सांगितलं होतं."
"काय?"
ती उठली. खिडकी लावून घेतली.
कडी घातली. ओढून बघितली.
मग खिडकीकडेच तोंड करून म्हणाली,
"विसरले बाई मी!"
गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच,
शेवटच्या रांगेला ऐकू जावं असं.

सकाळी दहा. छापखाना.
टाइप करणाऱ्या पोरानं चष्मा वर केला.
"कचरू. रू कसा काढू?
ऱ्हस्व की दीर्घ?"

दीर्घ, मी म्हणालो.